खेकड्याचा आवाज

दिल्लीत नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसाला चाणक्यपुरी ठाऊक असते ती परदेशी वकिलातींची वस्ती म्हणून. त्याच वस्तीत, शांतिपथालगत, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. १९७१ साली राष्ट्रपती वराहगिरी व्यंकट गिरी यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि १९७७ च्या फेब्रुवारीत ते लोकांस खुले झाले. आपल्यापैकी बहुतेक जण सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन एकदा तरी तेथे जाऊन आलेले असतात. मुले छोट्या आगगाडीत बसतात, वडीलमंडळी पतियाळा संस्थानची एका रुळावर चालणारी गाडी पाहून नवल करतात, आणि एखाद्या जुन्या एंजिनासमोर छायाचित्र काढून सर्वजण घरी परततात. त्याच आवारात विजेवर चालणारे एक जुने, अवजड एंजिन उभे आहे. दोन्ही टोकांना पुढे आलेली नाके, दोन गटांत विभागलेली चाके आणि त्या चाकांना जोडणारे लोखंडी दांडे अशी त्याची चमत्कारिक आकृती आहे. त्याच्यापुढे थांबणारे थोडे. पण थांबणारा मराठी असेल तर त्याने हे ध्यानात घ्यावे की, हे एंजिन आपल्याच मुलुखातून येथे आले आहे. बोरघाट आणि थळघाट या दोन चढणींवर त्याच्या जातीने उणीपुरी चार-पाच दशके मालगाड्या ओढल्या.

सरकारी दप्तरात या जातीला दोन नावे मिळाली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या काळात तिला ‘ईएफ-१’ म्हणत. पुढे सर्व देशासाठी एकच वर्गीकरण झाले तेव्हा ती ‘डब्ल्यूसीजी-१’ झाली. पहिले अक्षर रुंद मार्गाचे, दुसरे एकदिश विद्युतप्रवाहाचे आणि तिसरे मालगाडीचे. यात यंत्राची सर्व कुंडली आली असे कचेरीतल्या माणसास वाटेल. परंतु ज्यांनी ही एंजिने प्रत्यक्ष चालवली त्यांचे एवढ्याने समाधान झाले नाही. त्यांनी तिसरे नाव ठेवले, ते ‘खेकडा’. भारतीय रेल्वेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या नावाचे जे कारण नोंदवले आहे ते मोठे मनोवेधक आहे. हे एंजिन उभे असताना कण्हल्यासारखा विलक्षण आवाज करी, आणि चालू लागले म्हणजे त्याच्या जोडदांड्यांतून सळसळ ऐकू येई. त्या आवाजांवरून हे नाव पडले असे ते सांगतात. म्हणजे दप्तरातली दोन्ही नावे यंत्राच्या रचनेवरून पडली, आणि कामगारांनी दिलेले नाव त्याच्या आवाजावरून पडले. आज संग्रहालयात रचना शाबूत आहे. आवाज मात्र नाही. ज्या गोष्टीवरून त्याला माणसांनी हाक मारली, नेमकी तीच गोष्ट जपली गेली नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे.

या एंजिनांची आवश्यकता का भासली हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा तिच्या मार्गात सह्याद्री नव्हता. तो आला पुढच्या दशकात. बोरघाटाचा मार्ग १८६३ साली आणि थळघाटाचा १८६५ साली सुरू झाला. दोन्ही ठिकाणी चढ इतका तीव्र की, सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर चढावे. एका एंजिनाच्या बळावर गाडी वर जाणे कठीण. म्हणून कर्जतला आणि कसाऱ्याला मागून रेटणारी जादा एंजिने लावण्याची वहिवाट पडली. वाफेच्या युगात या घाटांतून जाताना डब्यात कोळशाची भुकटी आणि बोगद्यांत धुराचा कोंडमारा ठरलेला असे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची गाडी धावली. त्यानंतर तारा घाटांपर्यंत नेण्याचे काम हाती घेण्यात आले आणि १९२९ साली पुण्यापर्यंत व १९३० साली इगतपुरीपर्यंत वीज पोहोचली. तारांतील प्रवाह पंधराशे व्होल्टांचा, एकदिश जातीचा. या मार्गांवर मालगाड्या ओढण्यासाठी मागवलेली एक्केचाळीस एंजिने म्हणजेच आपला खेकडा. त्यांपैकी पहिली दहा स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील कारखान्यात आणि उरलेली एकतीस इंग्लंडमधील व्हल्कन फौंड्रीत तयार झाली. प्रत्येकाची शक्ती सुमारे २,६०० अश्वशक्ती. घाटातील वळणांवर अंग सहज वळावे म्हणून ते सांधेदार केलेले होते.

मुंबईहून उत्तरेस येणाऱ्या मराठी माणसाच्या प्रवासात त्या काळापासून एक कानाचा टप्पा तयार झाला. इगतपुरीस विजेचे एंजिन सुटे होई आणि वाफेचे जोडले जाई. घाटापर्यंत ऐकू येणारी विजेची घरघर तेथे संपे, आणि पुढे भुसावळ, इटारसी, भोपाळ असे करीत दिल्लीपर्यंत वाफेची शिटी सोबत करी. १९१२ पासून धावणाऱ्या पंजाब मेलने जे चाकरमाने दिल्लीला आले, त्यांना आपला मुलूख मागे पडला हे खिडकीतून पाहूनच नव्हे, तर डोळे मिटूनही कळू शकत असे. पुढे इगतपुरीपलीकडेही तारा आल्या, पण त्यांतील प्रवाह निराळ्या जातीचा, प्रत्यावर्ती. त्यामुळे एंजिन बदलण्याची प्रथा बरीच वर्षे टिकली. १९७० पासून चित्तरंजनच्या कारखान्यातील डब्ल्यूसीजी-२ ही नवी एंजिने घाटात आली आणि खेकडा हळूहळू मागे पडला. त्याचे एक भावंड मुंबईस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या वारसा गल्लीत आहे, आणि दुसरे येथे, आपल्या दिल्लीत.

आपण सारे सरकारी नोकर. कचेरीत वस्तू आली की तिची जडसंग्रह नोंदवहीत नोंद होते, हे आपल्या हाडीमाशी भिनलेले. वस्तूचे नाव, कोठून आली, केव्हा आली, किंमत काय, सद्यःस्थिती कशी, असे तिचे रकाने असतात. संग्रहालयाची नोंदवही याहून पुष्कळ तपशीलवार असते; कारखाना, वर्ष, वजन, चाकांचा व्यास, सर्व काही तीत येते. परंतु ‘आवाज’ असा रकाना कोणत्याही नोंदवहीत नसतो, आणि त्यात कोणाचा हलगर्जीपणा आहे असेही म्हणता येत नाही. आवाज ही वस्तू नव्हे, ती क्रिया आहे. यंत्र चालते तोवर तो आहे, थांबले की नाही. मग तो जपावयाचा कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा खटाटोप जगात ज्यांनी सातत्याने केला, त्यांत एक मंडळी अशी आहेत की ज्यांना आपण फारशा गंभीरपणे घेत नाही. ती म्हणजे लहान आगगाड्यांच्या प्रतिकृती करणारे हौशी लोक.

प्रतिकृती मुळात मुकी असते. खऱ्या एंजिनाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी वीतभर लांबीची प्रतिकृती रुळांवर फिरते तेव्हा ऐकू येते ती तिच्यातील चिमुकल्या मोटारीची भुणभुण. आकार, रंग, दिवे, खिळे सर्व हुबेहूब असूनही हा एक दोष सारा आभास मोडतो, हे या लोकांना फार लवकर उमगले. १९३५ साली अमेरिकेतील लायोनेल या खेळण्यांच्या कंपनीने एंजिनामागील कोळशाच्या डब्यात लहानसा पंखा बसवून त्याच्या हवेवर शिटी वाजवण्याची युक्ती काढली. ती लोकप्रिय झाली, पण ती शिटी त्या खेळण्याची होती, एखाद्या विशिष्ट एंजिनाची नव्हती. १९५० नंतर ध्वनिमुद्रणाची यंत्रे उचलून नेण्याइतकी हलकी झाली, आणि वाफेचा अस्त जवळ आलेला दिसताच इंग्लंडमध्ये पीटर हँडफर्ड आणि अमेरिकेत विन्स्टन लिंक अशी माणसे रात्री-अपरात्री रेल्वेमार्गांवर जाऊन धावत्या गाड्यांचे आवाज मुद्रित करू लागली. त्यांच्या तबकड्या लोकांनी घेतल्या व घरोघर ऐकल्या. ज्यात गाणे नाही, संवाद नाही, केवळ चढावर धापा टाकणारे एंजिन आहे, अशी तबकडी विकत घेणारे लोक वेडे म्हणावेत की दूरदर्शी, हे ज्याचे त्याने ठरवावे. आज त्या देशांत त्या एंजिनांचा आवाज शिल्लक आहे तो अशा वेडामुळे.

मुद्रित आवाज आणि चालती प्रतिकृती यांची सांगड घालण्यास मात्र आणखी काळ लागला. १९७० च्या दशकात अमेरिकन हौशींनी आवाज उत्पन्न करणारी पेटी टेबलाखाली ठेवून तो आवाज रुळांमार्फत एंजिनातील लहानशा ध्वनिक्षेपकापर्यंत नेला. खरी क्रांती झाली ती १९९० च्या दशकात. पूर्वी रुळांतील विजेचा दाब कमी-अधिक करून गाडीचा वेग बदलत. त्यामुळे एका रुळावर असलेली सर्व एंजिने एकदमच चालत किंवा एकदमच थांबत. नव्या पद्धतीत रुळांत वीज सदैव पुरेपूर ठेवली जाते आणि तिची दिशा क्षणोक्षणी उलटसुलट करून त्या उलथापालथीतच संदेश घातला जातो. लहान ठोका म्हणजे एक आणि लांब ठोका म्हणजे शून्य. तारायंत्राच्या कडकट्टाची आठवण व्हावी अशीच ही भाषा. प्रत्येक एंजिनाला एक क्रमांक असतो. आपल्या क्रमांकाचा संदेश तेवढा ओळखून मोटारीस, दिव्यांस व आवाजास आज्ञा देणारी जी चिमुकली पाटी एंजिनाच्या पोटात बसवतात, तिला डीकोडर म्हणतात. आवकजावक विभागात हजार कागद येतात, पण ज्याच्या नावावर जो कागद असेल तो त्याच्याच टेबलावर जातो. तसाच हा प्रकार.

हा ध्वनि-डीकोडर बसवणे म्हणजे घड्याळजीचे काम आहे. येथे रामकृष्णपुरमच्या वसाहतीत आमच्या ओळखीचे एक मराठी अधिकारी रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून हे काम करीत बसतात, आणि त्यांच्याकडे ते पाहण्याचा योग मला अनेकदा आला आहे. एंजिनाचे वरचे कवच अलगद काढले की आत मोटार, दंतचक्रे व शिशाचे वजन दिसते. पहिले काम म्हणजे मोटारीच्या दोन्ही टोकांचा सांगाड्याशी असलेला विजेचा संबंध पूर्णपणे तोडणे. तो कोठे किंचितही राहिला तर वीज लावताक्षणी डीकोडर जळून जातो, आणि त्याची किंमत आपल्या पगारपत्रकाकडे पाहता दुर्लक्ष करण्याजोगी नसते. मग एकेक तार आपल्या जागी जाते. त्यांचे रंग सर्व जगात ठरलेले आहेत. तांबडी आणि काळी रुळांकडून वीज आणतात. नारिंगी आणि करडी मोटारीकडे जातात. पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या दिव्याला, आणि निळी दिव्यांची सामाईक. शेवटी ध्वनिक्षेपक. तो रुपयाच्या नाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान असतो, आणि उघडा ठेवला तर त्यातून चिरका आवाज निघतो. कारण पडद्याच्या पुढून निघणारी लहर मागून निघणाऱ्या लहरीला मारते. म्हणून त्याला मागून घट्ट बंद अशी डबी लागते. तबला आणि सतार यांना पोकळी का लागते हे जाणणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. सर्व झाल्यावर प्रथम वेगळ्या रुळावर अत्यल्प वीज देऊन परीक्षा घ्यावयाची, आणि सर्व ठीक असेल तरच कवच पुन्हा चढवावयाचे.

इथवर केवळ हस्तकौशल्य आहे. खरा प्रश्न याच्यापुढे उभा राहतो. आवाज बसवावयाचा, परंतु कोणाचा?

वाफेच्या एंजिनाचेच उदाहरण घ्या. मराठी मुलाला आगगाडीचा आवाज ‘झुकझुक’ म्हणून शिकवतात. दोन बाजूंना दोन नळकांडी असलेल्या एंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे चार फूत्कार होतात. प्रत्येक नळकांड्यात दट्ट्या जाताना एक आणि येताना एक. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यातून आलेल्या आणि पुढे १९६७ पर्यंत बनत राहिलेल्या डब्ल्यूपी जातीच्या प्रवासी एंजिनाचे मुख्य चाक १,७०५ मिलिमीटर व्यासाचे होते. म्हणजे एका फेऱ्यात ते सुमारे ५.३६ मीटर पुढे जाई. ताशी साठ किलोमीटर वेगाला चाकाचे सेकंदाला तीन फेरे आणि फूत्कार बारा. इतक्या जलद आवाजाचे कानाला पृथक्करण करता येत नाही. तो एकसंध गर्जनेसारखा भासतो. ‘झुकझुक’ ऐकू येते ते गाडी स्थानकातून नुकती सुटत असताना. म्हणून प्रतिकृतीतील डीकोडरला चाकाच्या फेऱ्यांची खबर सतत मिळावी लागते. ती कधी धुरीवरील लोहचुंबकाने दिली जाते, तर कधी मोटारीच्या उलट दाबावरून वेग मोजून. चाक आणि फूत्कार यांचा मेळ चुकला की पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी काही खोटे आहे हे जाणवते. सुदैवाने डब्ल्यूपीचा खरा आवाज आजही ऐकता येतो. राजधानी क्षेत्राच्या हद्दीतच, हरियाणातील रेवाडी येथे, १८९३ साली उभारलेल्या जुन्या वाफशेडचे आता वारसा संग्रहालय झाले आहे, आणि तेथील ‘अकबर’, ‘आझाद’ अशा नावांची एंजिने प्रसंगी पेटवली जातात. रुंद मार्गावरील वाफेची नियमित गाडी १९९५ च्या डिसेंबरात पंजाबात जालंधर-फिरोजपूर मार्गावर शेवटची धावली. परंतु एंजिन, कोळसा आणि पाणी यांची गाठ घातली की तो आवाज आजही जन्मतो.

डिझेलचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. आपल्या पिढीने ज्या आवाजाच्या सोबतीने गावी जाण्याचे प्रवास केले, तो आवाज डब्ल्यूडीएम-२ या एंजिनाचा. १९६२ साली अमेरिकेतील आल्को कंपनीकडून ही एंजिने येऊ लागली आणि १९६४ च्या आरंभी वाराणसीच्या कारखान्यातून पहिले बाहेर पडले. सोळा नळकांड्यांचे, २,६०० अश्वशक्तीचे हे यंत्र उभे असतानाही लयीत हेलकावे घेतल्यासारखे धडधडत राही. त्याची प्रतिकृती करणाऱ्याला अमेरिकेतील त्याच कुळातील यंत्राचे तयार ध्वनिमुद्रण बाजारात मिळते, आणि पुष्कळ जण तेच बसवतात. यंत्र एकाच घराण्याचे, तेव्हा धडधड बहुतांशी जमते. पण भोंगा जमत नाही, कारण भोंगा प्रत्येक देशाने आपला लावला. एंजिन रंगाने भारतीय आणि हाक मात्र परक्याची, असा प्रकार होतो. चोखंदळ माणूस मग स्वतः स्थानकावर जाऊन भोंगा मुद्रित करून आणतो. ते अजून शक्य आहे; मात्र रुंद मार्गाचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण होत आल्यामुळे ही एंजिने वर्षागणिक दुर्मिळ होत आहेत.

आता खेकड्याकडे वळू. त्याची प्रतिकृती करावयाची ठरवली, तर आवाज कोठून आणावयाचा? येथेही एक तयार मार्ग मोहात पाडतो. स्वित्झर्लंडमध्ये गॉटहार्डच्या घाटासाठी १९१९ पासून जी सांधेदार, जोडदांड्यांची विजेची एंजिने बांधली गेली, ती ‘मगर’ या नावाने जगप्रसिद्ध आहेत. आपला खेकडा त्यांचाच नातलग समजला जातो. दोघांच्या जन्माशी विंटरथूरच्या त्याच कारखान्याचा संबंध आहे. या मगरीच्या प्रतिकृती जर्मनीतील मेर्क्लिन कंपनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून विकत आली आहे, आणि आज त्या आवाजासह मिळतात. तेव्हा मगरीचा आवाज खेकड्याच्या पोटात भरावा, एवढेच काय ते करावयाचे!

परंतु हा आवाज खोटा ठरेल. मगर चालते ती पंधरा हजार व्होल्टांच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर. तिच्या पोटात दाब उतरवणारा अवजड रोहित्र असतो. त्याचा गुंजारव आणि दाबाच्या पायऱ्या बदलतानाचे खटके हा तिच्या आवाजाचा प्राण आहे. खेकड्याला रोहित्र नव्हता. एकदिश प्रवाहावर तो चालूच शकत नाही. खेकडा उभा असताना कण्हे, त्या वेळी त्याच्या मुख्य मोटारी स्तब्ध असणार. मग जो आवाज येई तो हवेचे पंखे, दाबपंप अशा सहायक यंत्रांचा असला पाहिजे. म्हणजे ज्या कण्हण्यावरून त्याचे नाव पडले ते त्याचे स्वतःचे होते, स्विस भावंडाकडून उसने घेता येण्यासारखे नव्हते. दांड्यांची सळसळ कदाचित जमेल. कण्हणे जमणार नाही. आणि नावातला अर्धा जीव तर त्या कण्हण्यात आहे.

रेवाडीच्या ‘अकबरा’प्रमाणे खेकड्यालाही पुन्हा चालवून त्याचा आवाज घेता येईल का? येथे इतिहासाने आपली वाट पुरती अडवली आहे. वाफेच्या एंजिनाचे अन्न त्याच्याबरोबर असते. विजेच्या एंजिनाचे अन्न तारेत असते. मध्य रेल्वेने मुंबई आणि घाटांवरील एकदिश प्रवाह टप्प्याटप्प्याने काढून तेथे पंचवीस हजार व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह आणला, आणि २०१६ च्या एप्रिलात हार्बर मार्गावर मुंबईतील या जुन्या प्रवाहाची शेवटची गाडी धावून गेली. बदल आवश्यक होता; त्याने वीज वाचली आणि गाड्या वाढल्या. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, दिल्लीतील वा मुंबईतील खेकडा उद्या कोणी कितीही परिश्रमाने दुरुस्त केला तरी त्याला बोलते करणारी वीज त्याच्या घाटांवरील तारांत आता उरलेली नाही. एखाद्या यंत्राचे प्रत्येक सुटे अंग उपलब्ध असावे आणि तरीही त्याचा आवाज कायमचा गेलेला असावा, याहून चमत्कारिक स्थिती ती कोणती?

लहान आगगाड्यांचा हा छंद आपल्याकडे परकाच आहे, असे कोणी म्हणेल. पुण्यात कोथरूडनजीक भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या व बनवलेल्या प्रतिकृतींचे संग्रहालय १९९८ च्या एप्रिलापासून चालू आहे, आणि शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी तेथे टेबलावरील संपूर्ण शहरातून धावणाऱ्या गाड्या डोळे विस्फारून पाहिल्या आहेत. दिल्लीच्या संग्रहालयातही प्रतिकृतींची दालने आहेत. तेव्हा छंद आपल्या मातीत रुजलेला आहे. फक्त त्या छंदाने आपल्या एंजिनांचा आवाज आपण राखावयाचा हे काम अजून पुरेसे मनावर घेतलेले नाही. इंग्रज हौशींनी आपली एंजिने थंड होण्यापूर्वी त्यांचे आवाज मुद्रित करून ठेवले. आपल्याकडे वाफ त्यांच्यानंतर जवळजवळ तीस वर्षे चालली, तरीही तिचे आवाज टिपण्यासाठी यंत्रे घेऊन परदेशी हौशी येथवर येत होते. या गोष्टीची खंत करीत बसण्यापेक्षा जे हाती आहे ते करणे बरे.

हाती दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे जे अजून बोलते आहे त्याचे मुद्रण. रेवाडीस एंजिन पेटेल त्या दिवशी तेथे जावे, आणि आल्को घराण्यातील जी डिझेल एंजिने उरली आहेत त्यांची उभी असतानाची धडधड, सुटतानाचा चढता सूर, भोंगा व ब्रेकचा सुस्कारा ही सर्व स्वतंत्रपणे टिपावीत. डीकोडरमध्ये आवाज भरावयाचा तर तो असाच तुकड्यातुकड्यांनी लागतो. नुसती शेजारून गेलेली गाडी उपयोगी पडत नाही. हल्ली यासाठी खिशातील दूरध्वनीही बऱ्यापैकी चालतो.

दुसरी गोष्ट खेकड्यापुरती आहे आणि ती अधिक निकडीची आहे. प्रस्तुत लेखकाचा जन्म झाला तेव्हा खेकड्याचे राज्य आटोपत आले होते; माझ्या पिढीने तो आवाज ऐकलेला नाही. परंतु कर्जत, लोणावळा, कल्याण, कसारा आणि इगतपुरी येथील जुन्या रेल्वे वसाहतींतून असे निवृत्त चालक, सहायक व कारखान्यातील कारागीर आजही आहेत की ज्यांनी त्या एंजिनावर पाळ्या केल्या. ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांच्या कानांत तो आवाज आहे. कागदावर तो कोठेच नाही. तो सूर वरचा होता की खालचा, अखंड होता की थांबून थांबून येई, कोणते यंत्र सुरू केले म्हणजे तो चढे, पावसाळ्यात बोगद्यात तो कसा घुमे, हे त्यांना विचारून लिहून ठेवता येईल. असे टिपण म्हणजे आवाज नव्हे, हे खरे. पण रागाचे वर्णन वाचून गाता येत नसले तरी कोणी भलतेच गात असेल तर ते भलते आहे एवढे त्या वर्णनावरून सांगता येते. उद्या एखादा तरुण आपल्या वीतभर खेकड्याच्या पोटात डीकोडर बसवील, तेव्हा तो मगरीचा आवाज घालतो आहे की खेकड्याचा, याचा निवाडा करण्यास निदान तेवढा आधार राहील.

या अंकाच्या वाचकांत रेल्वे मंडळातील, लेखा विभागातील आणि इतर अनेक खात्यांतील मराठी मंडळी आहेत. वर्षातून एकदा तरी आपण सर्व घराकडे जातो. पुढच्या रजेत ज्याचा रस्ता घाटांवरून जात असेल, आणि ज्याच्या नात्यात किंवा शेजारात कोणी जुना चालक असेल, त्याने एक दुपार त्याच्याजवळ बसावे व हा एकच प्रश्न विचारावा: ‘काका, खेकडा उभा असताना कसा कण्हायचा?’ बहुधा ते शब्दांत सांगणार नाहीत. तोंडानेच तसा आवाज काढून दाखवतील. तो टिपून घ्यावा.